आत्याबाईची गंगाजल

माझ्या आत्याबाईला दोन माणसांची नावं घेता येत नव्हती. एक नवऱ्याचं. ते तिच्या काळच्या कुठल्याच बाईला घेता येत नव्हतं, तेव्हा त्यात तिची काही बहादुरी नाही. दुसरं नाव होतं मिलमध्ये धान वाळवायला येणाऱ्या एका छत्तीसगडी मजूर बाईचं. "बुढ्याचं नाव तरी उखाण्यात घेता येते," आत्याबाई म्हणायची, "इचं तर तेही नाही जी. इच्यासाठी उखाणा कोणी केलाच नाही."

आमच्या घरात मी गोष्टी सांगणारा म्हणून ओळखला जातो, पण ती ओळख फार सन्मानाची आहे असं नाही. मी सांगायला बसलो की दुसऱ्या वाक्याला विषय सुटतो आणि तिसऱ्याला माझे स्वतःचे पराक्रम सुरू होतात, असं बायको म्हणते. पराक्रम मोजकेच असल्यामुळे ते पुन्हा पुन्हा येतात, असं पोरं म्हणतात. म्हणून आत्याबाईबद्दल एकदा लिहूनच काढतो. कागद मध्येच उठून जात नाही.

घाटटोला हे आत्याबाईचं सासर. वैनगंगेच्या अलीकडच्या काठावरचं गाव. काठाला लागूनच तांदळाची मिल, म्हणजे आधी मिल आणि मग तिला चिकटून गाव, असंच म्हणायला हवं. आमच्या आज्याच्या तरुणपणी कुणा शेठजींच्या बापानं ती बांधली. धान भिजवायला पाणी लागतं म्हणून नदीवर बांधली, आणि धान उकडायला वाफ लागते म्हणून उंच चिमणीचं बॉयलर बसवलं. बॉयलरमध्ये तूस जाळत. त्याची काळी राख चिमणीतून उडून साऱ्या गावावर पडायची. वाळत घातलेल्या धोतरावर, दह्यावर, नवरदेवाच्या मुंडावळ्यांवर. घाटटोल्यात पांढरे असे फक्त तांदूळ होते, आणि तेही पोत्यात.

गावाचा सारा दिवस मिलच्या भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला चुली, दुसऱ्याला कामावर, तिसऱ्याला जेवण. आमच्या शेजारचा एक तान्हा पोर भोंगा झाल्याशिवाय रडायचा नाही म्हणत. मी पाहिलेलं नाही, पण न पाहिलेल्या गोष्टीही मी सांगतो हे इथेच कबूल करतो.

आत्याबाई मूळची आमच्या झाडीतल्या प्रतापगडाच्या बाजूची, जंगलाला टेकलेल्या गावातली. लग्न होऊन घाटटोल्यात आली तेव्हा तिनं चिमणी पाहिली आणि विचारलं म्हणे, "एवढं मोठं कोण जळून राहिलं?" तिला ते गाव आवडलं नाही. पुढे राहून राहून सवय झाली, पण चिमणीशी तिचं वैर कधी मिटलं नाही. पापड वाळत घातले की त्यावर जुनं लुगडं पांघरायची आणि मान वर करून चिमणीला म्हणायची, "ओक मेल्या, ओक. आज मी झाकून ठेवलं आहे."

तिच्याकडे माणसं मोजायचं एक माप होतं. मिलमध्ये तांदूळ दोन तऱ्हेचे निघायचे. धान आधी उकडून, वाळवून मग भरडलं तर उकडा तांदूळ. तसंच भरडलं तर अरवा. अरवा दिसायला पांढराशुभ्र, पण यंत्रात गेला की मोडतो आणि त्याची कनकी होते. उकडा पिवळसर, पण अख्खा बाहेर पडतो. आत्याबाईच्या लेखी साऱ्या जगात या दोनच जाती होत्या. गावात नवा मास्तर आला, तिनं दोन घटका त्याच्याकडे पाहिलं आणि आत येऊन सांगितलं, "अरवा आहे. पावसाळ्यापर्यंत टिकत नाही." तो होळीच्या आतच बदली मागून गेला.

मी मॅट्रिकच्या परीक्षेत आपटून घाटटोल्याला आलो तेव्हा बारा-पंधरा वर्षांचा नव्हतो, चांगला मिशा फुटलेला घोडा होतो. आत्याबाईचे यजमान, आमचे मामाजी, मिलमध्ये धान तोलायच्या काट्यावर बाबू होते. त्यांनी शब्द टाकून मला हपिसात चिकटवलं. मी ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो. आत्याबाई सूप हातात घेऊन बाहेर आली.

"पाहुणा आला का राहाले आला?"

"राहायला," मी म्हणालो.

"मंग चपला आत ठेव. पाहुण्याच्या बाहेर राहतात." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ती आत मामाजींना म्हणाली, "भाऊचा पोट्टा आला जी. अरवा आहे."

आता त्या बाईची गोष्ट.

धान उकडलं की मिलच्या फरशीवर उन्हात पसरत. फरशी म्हणजे नदीच्या काठापर्यंत गेलेलं भलंमोठं अंगण. ते धान सारखं वाळावं म्हणून मजूर बाया त्यातून अनवाणी चालायच्या. पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे मागे सरी पडते. एकीमागं एक, दिवसभर. या बाया छत्तीसगडातून मुकादमाबरोबर टोळीनं यायच्या, दिवाळीनंतर, आणि जेठात पेरणीला परत जायच्या. त्यांची नावं हपिसात कुणाला ठाऊक नसत. मुकादमाला ओळखलं की झालं. बायांना त्यांच्या गावावरून हाक मारत: ही डोंगरवाली, ही बोइरडीहवाली.

आत्याबाई मामाजींचा डबा घेऊन मिलवर जायची आणि कुंपणाशी उभी राहून ते चालणं पाहायची. एक दिवस त्या ओळीतली एक उंच, काळीसावळी बोइरडीहवाली चालता चालता थांबली आणि हसून म्हणाली, "का देखथस बाई? आ ना!" पाहतेस काय, ये की!

आत्याबाईनं डबा कुंपणावर ठेवला आणि आत गेली.

मामाजी काट्यावर बसले होते. त्यांनी नजर वर केली तर आपली बायको, काट्यावरच्या बाबूची बायको, मजूर बायांच्या ओळीत पदर खोचून पाय घासत चालते आहे. ही हकिकत सांगताना त्यांना पुढे वीस वर्षांनीही घाम फुटायचा. "मी त्या दिवशी एक पोतं दोनदा तोललो," ते म्हणायचे. यापेक्षा मोठी चूक त्यांच्या हातून आयुष्यात झाली नव्हती.

फरशी तापलेली. सवय नसलेल्या आत्याबाईच्या तळव्यांना फोड आले. ती घरी लंगडत आली, आणि दुसऱ्या दिवशी ती उंच बाई पानात मोहाचं तेल घेऊन आमच्या दारात. उंबऱ्याच्या बाहेर बसली. आत्याबाई म्हणाली, "अथी कायले बसली? पाय आत आहेत माजे, मी का तोडून बाहेर देऊ?" बाई आत आली. तेल चोळता चोळता दोघी कशावरून तरी अशा हसल्या की मामाजी मागच्या दारानं बाहेर निघून गेले.

हे माझ्या येण्याआधीचं. मी आलो तोवर त्यांची मैत्री जुनी झाली होती, आणि मी आलो त्याच वर्षी कार्तिक पौर्णिमेला दोघी गंगाजल झाल्या.

छत्तीसगडात ही रीत आहे. दोन बाया किंवा दोन गडी, जात कुठलीही असो, नदीच्या काठी चार वडीलधाऱ्यांपुढे एकमेकांच्या ओंजळीतलं पाणी पितात. त्या क्षणापासून ते सख्ख्याहून सख्खे. मग एकमेकांना 'गंगाजल' म्हणूनच हाक मारायची. नाव जन्मात पुन्हा घ्यायचं नाही. चुकून जरी तोंडातून निघालं तर नातं बाटतं.

मामाजींना हे कळलं तेव्हा ते गंधाची डबी हातात घेऊन बसले होते.

"अवो, मिलमधल्या बाईच्या ओंजळीतलं पाणी पेशील? लोक का म्हणतीन?"

"लोक म्हणतीन, पेली."

"अन् आपल्या जातीतले?"

"ते बी म्हणतीन, पेली. पेली तर पेलीच म्हणतीन न? खोटं तर नाही न म्हणत."

"अन् ही गंगा कुठं आहे? ही तर वैनगंगा."

"ते तुमी नदीले सांगा. मले नका सांगू."

मी हपिसातला शिकलेला माणूस म्हणून मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भोंगा झाला असं म्हणून उठलो. भोंगा झाला नव्हता.

पौर्णिमेच्या सकाळी घाटावर गर्दी होती. दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. ती उंच, आमची आत्याबाई ठेंगणी. त्या बाईला ओंजळ पाजायला वाकावं लागलं आणि आत्याबाईला टाचा उंच कराव्या लागल्या. पाणी प्यायल्या, एकमेकींच्या कपाळाला लावलं, नारळ बदलले. टोळीतली एक म्हातारी म्हणाली, "अब नाव झन लेहू." आता नावं घेऊ नका. दोघींनी माना हलवल्या. आत्याबाईचा चेहरा मी घरातल्या कुठल्या लग्नातही तसा पाहिला नाही.

जातीतल्या दोन घरांनी त्यानंतर आमच्याकडे पाणी पिणं सोडलं. आत्याबाई म्हणाली, "घागरी वाचल्या."

त्या दिवसापासून घरात, आळीत, मिलवर, सगळीकडे ती बाई 'गंगाजल'च झाली. मामाजीसुद्धा, "तुजी गंगाजल आली होती," म्हणायचे. माझ्या डोक्यात मात्र किडा. तिचं नाव तरी काय? मिलमधल्या दोघातिघांशी मी पैज मारली की आत्याबाईच्या तोंडून नाव काढून दाखवतो. एका दुपारी गंगाजल इतर बायांबरोबर नदीच्या मधल्या वाळूवर धुणं धूत होती. मी धावत गेलो. "आत्याबाई, तुझ्या मैत्रिणीचं लुगडं वाहून चाललं! लवकर हाक मार!"

आत्याबाई घाटावर आली. पंचवीसएक बाया पाठमोऱ्या वाकलेल्या. आत्याबाईनं तोंडाशी हात नेले आणि नुसतं "ओऽऽऽ" केलं.

एकच बाई वळली.

"लुगडं तर डोक्यावर आहे तिच्या," आत्याबाई मला म्हणाली. "तुजी पैज किती पानांची होती?" मी विडे आणून दिले. त्यातला एक तिनं खाल्ला आणि एक गंगाजलसाठी पदरात बांधला.

दोघी मिळून काय करायच्या, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. काहीच करायच्या नाहीत. बॉयलर धुवायचा दिवस असला की मिल बंद. मग दोघी घाटाच्या पायरीवर बसायच्या. एक झाडीतली बोली बोलायची, दुसरी छत्तीसगडी. एकीनं सासूला नावं ठेवायची, दुसरीनं हुंकार द्यायचा, मग उलट. बोलणं संपलं की नदीकडे पाहत बसायच्या. मी एकदा मामाजींना म्हणालो, "रोज रोज एवढं काय बोलतात?" मामाजी म्हणाले, "मले का माहीत? माज्यासंगं तर ती फक्त धान अन् मीठ या विषयावर बोलते."

मला वाटतं, आत्याबाई घाटटोल्यात जन्मभर राहायला आली असली तरी चपला बाहेरच ठेवून होती. आणि ती दुसरी तर दर वर्षी निघून जायची. दोघी परक्या. परक्या गावात दुसऱ्या परक्याजवळ बसलं की परकेपणा अर्धा होतो. गावच्याच माणसांत बसून तो होत नाही.

जेठात टोळी निघायची तेव्हा निरोप नसायचा. गंगाजल दारात येऊन म्हणायची, "आवत हौं." येते. जाते म्हणायचं नाही. मग सारा पावसाळा आत्याबाईचा आवाज खाली यायचा. चिमणीला शिव्या द्यायला चिमणी पेटलेली नसे. भाताला मूठभर जास्त टाकायची आणि मग आपल्यावरच चिडून तो भात मला वाढायची. माझ्या पोटाचा आजचा घेर पाहता गंगाजल दर वर्षी गेली ती माझ्याच अंगावर साठली, असं म्हणायला हरकत नाही. आणि दिवाळी होऊन पहिला भोंगा झाला की आत्याबाई न्हाऊन, केस विंचरून, काही काम नसल्यासारखी आळीच्या तोंडाशी उभी असायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग लढाई लागली. लढाई कुठं तरी दूर समुद्रापलीकडं, पण तिचे नियम घाटटोल्यापर्यंत आले. धान कुठं न्यायचं, कुणी भरडायचं, सगळ्याला परवाना. रेल्वेच्या कडेच्या मिली तगल्या. आमची नदीकाठची, जुन्या बॉयलरची मिल शेठजींनी भर हंगामात बंद केली. माघ महिना होता. मुकादमानं टोळीला सांगितलं, चला, आणि त्याच दिवशी टोळी निघाली.

आत्याबाई तेव्हा माहेरी, भाचीच्या लग्नाला गेली होती.

ती परत आली तेव्हा फरशी रिकामी होती. तिनं लुगड्याची गाठोडी खाली न ठेवताच मामाजींना विचारलं, "का म्हणे ती?"

"काही नाही म्हणे. दारात उभी राहिली. आत पाहिलं. गेली."

"आवत हौं नाही म्हणे?"

"नाही. उभीच होती उलीसा वेळ."

"तुमी तिले सांगाचं न, येऊन राहिली म्हणून!"

"मी परक्या बाईसंगं का बोलू?" मामाजी म्हणाले, आणि मग त्यांनाच ते वाक्य लागलं असावं, कारण ते उठून अंगणात गेले आणि पुष्कळ वेळ तिथेच उभे राहिले.

पुढच्या कार्तिकात भोंगा झाला नाही. त्याच्या पुढच्याही. मला हपिसात बंद मिलच्या सामानाची राखण करायला ठेवलं होतं, म्हणजे पूर्वी करत होतो तेच काम, फक्त आता उघडपणे. पापडांवर राख पडेनाशी झाली. आत्याबाईनं लुगडं पांघरणं सोडलं आणि म्हणू लागली, पापडाला चवच राहिली नाही. ती थकली. पायऱ्यांवर एकटी बसायची. तिच्याबरोबर बसायला मी एकदोनदा गेलो, पण मी बोलायला लागलो की ती उठायची.

एक दिवस तिनं मामाजींना सांगितलं, "मी बोइरडीहले जाऊन येतो म्हणते. ती आहे का नाही, एवढं पाहून येऊ दे. मंग तुमी म्हणाल तथी बसीन."

मामाजींनी एवढंच विचारलं, "संगं कोण?" आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला हपिसातली हिंदी येत होती, आणि माझ्या जाण्यानं घाटटोल्यात काही अडणार नव्हतं.

गोंदियाहून गाडी. आमगाव, सालेकसा. कचारगडाचे डोंगर दिसले तेव्हा आत्याबाईनं खिडकीतून हात जोडले. पुढे गाडी डोंगराच्या पोटात शिरली, काळोख झाला, आणि तिनं माझा दंड धरला. "पोट्ट्या, ती दर वर्षी अथून येत होती? मले कधी सांगतली नाही." उजेड आला तरी तिनं दंड सोडला नाही. पुढं कुठल्याशा टेसनावर उतरून बैलगाडी केली आणि ऊन चढता चढता बोइरडीहला पोचलो. तळ्याभोवती वसलेलं मोठं गाव. पाटलाच्या ओट्यावर आम्हाला बसवलं, गूळपाणी दिलं. बघता बघता बाया, पोरं, म्हातारे जमले.

"कौन से घर जाना है?" पाटलानं विचारलं.

मी आत्याबाईकडे पाहिलं. ती तळ्याकडे पाहत होती.

"एक बाई है," मी माझी हिंदी काढली. "मिल में काम करती थी."

"यहाँ की आधी बाइयाँ मिल में जाती हैं. नाम क्या है?"

"नाम…" मी म्हणालो, "नाम ऐसा है कि… नाम नहीं है."

पोरं हसली. पाटील वैतागला. "अरे महाराज, बिना नाम की कोई बाई होती है क्या? बाई, तुम बताओ. नाम बताने में क्या जाता है?"

आत्याबाईनं मान खाली घातली. तिचे ओठ घट्ट मिटलेले. मी कुजबुजलो, "माझ्या कानात सांग. मी सांगतो. तुझ्या तोंडून जाणार नाही."

"नाव घेतलं तर कोणीतरी बाई भेटीन," ती हळूच म्हणाली, "गंगाजल नाही भेटणार."

ते एका म्हातारीनं ऐकलं. ती पुढे आली, आत्याबाईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि वळून पाटलावरच ओरडली, "अई! गंगाजल बदे हे! नाव कइसे लिही?" गंगाजल केलीय हिनं, नाव कसं घेईल? हसणारी पोरं गप्प झाली. बायांनी डोक्यावर पदर घेतले. पाटीलही जरा सरकून बसला. म्हातारी आत्याबाईच्या शेजारी टेकली आणि तिनं एकच विचारलं, कोणती मिल?

"नदीवरची," मी म्हणालो. "घाटटोला."

म्हातारीनं डोळे मिटले. मग हळूहळू सांगितलं. नदीवरच्या त्या मिलला या गावातून दोघीच जात. एकाच घरच्या दोघी जावा. परत आल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माता निघाली, म्हणजे देवीची साथ आली, त्यात एक गेली. दुसरी नवऱ्याबरोबर कोळशाच्या खाणीकडे गेली. घर पडलं. तिकडून अजून कुणी आलं नाही.

तळ्यात कुणीतरी कपडे आपटत होतं.

"तोर गंगाजल कोन?" म्हातारीनं विचारलं. "बड़े के छोटे?"

थोरली की धाकटी, हे मला ठाऊक नव्हतं. पण दोघी मला आठवल्या. फरशीवर एक उंच, आणि तिच्या मागं चालणारी एक बुटकी. मी घाईनं म्हणालो, "आमची ती उं—"

आत्याबाईनं माझ्या पायावर पाय दिला. ती ठेंगणी असली तरी तो पाय हलका नव्हता.

म्हातारीला वाटलं, ही नियमाला घाबरते. ती आत्याबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, तू काही बोलू नको. मी दोघींची नावं घेते. तू नुसती मान हलव.

आता काहीच अडचण उरली नव्हती. नातं बाटणार नव्हतं. एक मान हलवली की कळणार होतं. सारं गाव थांबलं होतं. म्हातारीनं तोंड उघडलं.

आत्याबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. अगदी हळू, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"राहू दे माय," ती म्हणाली.

मग तिनं म्हातारीला विचारलं, "कोळशाकडं गेली ती… तथी नदी आहे का?"

म्हातारीला तिचे शब्द कळले की नाही कोण जाणे. "नदी त होहीच," ती म्हणाली. नदी असणारच.

"असीनच," आत्याबाई म्हणाली, आणि उठली.

गावातल्या बायांनी तिला तशी जाऊ दिली नाही. भात खाऊ घातला. पायांवर पाणी घातलं. निघताना म्हातारी गाडीच्या माझ्या बाजूला आली आणि मला डोळ्यांनी खूण केली, तुला सांगू? मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुड्या उघडून पाहणारा माणूस. पण त्या वेळी बैलांच्या जुवाच्या दोऱ्या सोडून बांधण्यात मला एकाएकी फार रस वाटू लागला. गाडीवाला म्हणाला, "बाबू, वो ठीक है, छोड़ दो." तोवर म्हातारी मागे राहिली होती.

वाटेत मीच बोललो. "आत्याबाई, एवढ्या दूर आलो. विचारायचं तर होतंस."

"दोघीतली एक आहे न कुठंतरी?" ती म्हणाली. "मंग झालं."

घरी पोचल्यावर मामाजी दारातच होते. "भेटली?"

"कोळशाकडं गेली म्हणे नवऱ्यासंगं," आत्याबाई म्हणाली. साफ, स्वच्छ आवाजात, बाजारभाव सांगावा तशी. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला आत ठेवल्या.

त्यानंतर आत्याबाईला एक नवंच वेड लागलं. कोळशाच्या मुलखातून कुणी आलं असं कळलं की ती त्याला गाठायची. घाटावर, बाजारात, कुणाच्या मयतीतसुद्धा. तिकडं भात भेटते का नुसत्या रोट्या? थंडी कशी आहे? बायांना खाणीत खाली उतरवतात का वरच ठेवतात? विचारून आली की मामाजींना सांगायची, "भात भेटते म्हणे," आणि त्या दिवशी तिचं जेवण नीट व्हायचं. गंगाजलबद्दल ती कुणाला काही विचारत नसे.

मिल उघडली नाही ती नाहीच. स्वराज्य येणार, येणार असं सगळे म्हणत होते तेव्हा मला पलीकडे भंडाऱ्याच्या बाजूला नोकरी लागली आणि मी घाटटोला सोडला. आत्याबाई घाटापर्यंत आली. मी डोंग्यात बसलो, ट्रंक मांडीवर, कारण पाण्याची मला भीती आणि ट्रंक तरंगते असा माझा समज. निरोपाचं काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात खाकी चड्डीतला एक गडी पत्र्याची पेटी घेऊन डोंग्यात चढला. पलीकडच्या कुठल्या गावचा, कोळशाच्या खाणीतून सुटीवर आलेला.

आत्याबाई लुगडं वर खोचून पाण्यात उतरली आणि डोंग्याची कड धरली.

"बाप्पू, तिकडं सुटीच्या दिवशी बाया का करतात जी?"

"बाया?" गडी गोंधळला. "का करतीन माय. नदीवर जातात. धुणं धुतात. दुपारभर बसतात एकमेकीच्या डोस्क्यातल्या उवा पाहत, अन् नवऱ्याईच्या चहाड्या सांगत."

आत्याबाई हसायला लागली. "पाहतीन, पाहतीन," ती म्हणाली. "चहाड्या सांगतीन." डोंगेवाला ओरडला, "आत्याबाई, सोड न वो, धार लागून राहिली!" तिनं कड सोडली.

डोंगा धारेला लागला. मी हात हलवला, पुष्कळ हलवला. तिनं पाहिलं नाही. ती आमच्याकडे पाठ करून, उगवतीकडे, कोळशाच्या मुलखाच्या दिशेला तोंड करून गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि अजून हसत होती. खांदे हलत होते, त्यावरून कळत होतं.